साखरेचा उतारा

यंदा पुन्हा ढग नुसतं तोंड दाखवून चाललेत. सकाळी दवाखान्याचं शटर वर केलं की वाऱ्याबरोबर बारीक माती आत येते आणि थेट कॉम्प्युटरच्या पडद्यावर जाऊन बसते. शबाना ती ओढणीच्या टोकानं पुसते. माझ्याकडे ती नर्स, कंपाउंडर आणि कारभारीण अशी तिन्ही कामं करते, आणि अब्बांच्या पंक्चरच्या दुकानातला खमका आवाजही तिनं सोबत आणलाय. "म्याडम," काल ती म्हणाली, "औंदा बी त्या सालासारखंच दिसतंय बघा." ते साल म्हणजे कोणतं, हे आम्हा दोघींना एकमेकींना विचारावं लागत नाही.

दुष्काळ म्हटलं की लोकांना टँकर आठवतो, हंड्यांवरून झालेली भांडणं आठवतात. मलाही आठवतात, एका भांडणात मी स्वतः होते आणि डॉक्टर असूनही हरले. पण खरं सांगू? त्या सालाची आठवण निघाली की माझ्या तोंडाला गोडच चव येते. हे मी चारचौघांत बोलत नाही. लोक म्हणतील, उन्हानं बाईंचं डोकं फिरलं. तो उन्हाळा भाजून काढणारा होता, आणि त्याच उन्हाळ्यात मी माझ्या कामात जेवढी रमले तेवढी आधी कधीच रमले नव्हते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, त्याला मी काय करू!

निमित्त झालं एका सॉफ्टवेअरचं. बीडला आम्हा जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांचं एक शिबिर होतं. जेवण चांगलं होतं, आणि शेवटी सगळ्यांनी मधुमेहाच्या पेशंटांची नोंद ठेवणारं ते सॉफ्टवेअर घेतलं म्हणून मीही घेतलं. शेजारणीनं घेतला म्हणून आपण इडलीचा कुकर घेतो ना, तसं. उमापूरला दवाखान्यात परत आल्यावर कळलं की प्रकरण खाष्ट आहे. प्रत्येक पेशंटाचं एक पान. वजन, रक्तदाब, रक्तातली साखर, डोळे, किडनी, पाय. एक जरी रकाना रिकामा राहिला तरी ते पुढं सरकायचं नाही. तपासणीची तारीख उलटली की त्या माणसाचं नाव लाल. आधी माझा काय थाट होता! नाडी धरायची, जीभ बघायची, "गोड बंद" म्हणायचं, की पुढचा पेशंट आत. आता हे यंत्र मलाच विचारायला लागलं, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं का? लघवी तपासली का? मी चिडून शबानाला म्हणायची, "अगं, सांग त्याला, बाहेर बाकावर माणसं खोळंबलीत." ती शांतपणे म्हणायची, "म्याडम, त्याला मराठी येत न्हाई."

सगळ्यात जास्त छळलं ते पायांच्या रकान्यानं. साखर वाढलेली राहिली की नसा बधिर होतात, आणि सुरुवात तळपायापासून होते. ते ओळखायचं साधन अगदी साधं: दांडीला बसवलेला नायलॉनचा एक जाड धागा. पेशंटानं डोळे मिटायचे, आपण तळपायाला जागोजागी धागा टेकवायचा आणि विचारायचं, लागतंय का? शिबिरात हे फार सोपं वाटलं होतं. पण आमच्याकडे पायाला हात लावणं म्हणजे पाया पडणं! मी स्टुलावर बसून पायाकडे वाकले की समोरचा माणूस विंचू दिसल्यासारखा पाय वर घ्यायचा. "आवो बाई, काय करता? आमाला पाप लावता का?" वयानं लहान असलेले घाईनं माझेच पाय धरायचे. म्हाताऱ्या बायांना तर सवयच; पायाला हात लागला की तोंडातून आशीर्वाद सुटायचाच. पन्नाशी गाठलेल्या मला त्या उन्हाळ्यात किती जणींनी पुत्रवती केलं, विचारू नका. शबाना पडद्याआड तोंडात ओढणी कोंबून हसायची.

दुपारी गावात चिटपाखरू नसायचं. पंखा बंद, कारण वीज नसायची, आणि जुन्या बॅटरीवर कॉम्प्युटर कसाबसा धडधडत असायचा. खिडकीतून कारखान्याची चिमणी दिसायची. सहकारी कारखाना आमचा. पंचक्रोशीतल्या शेतकऱ्यांच्या भागभांडवलातून उभा राहिलेला. एरवी त्या चिमणीतून धूर निघाला की गावाला बरं वाटायचं, मळीच्या वासाला नाकं मुरडत मुरडत बरं वाटायचं. त्या साली ऊसच नव्हता, तर धूर कुठला? कारखान्याच्या आवारात, जिथं एरवी उसाच्या गाड्या उभ्या राहायच्या, तिथं जनावरांची छावणी पडली होती. जो थोडाफार ऊस पाटाच्या कडेनं तगला होता, तोही कापून छावणीतल्या गुरांपुढं टाकत होते. त्याच छावणीत आपल्या दोन म्हशी घेऊन भानुदास तात्या राहायला आले होते.

तात्या कारखान्यात पॅनमन. उसाचा रस आटवून पाक केला, की तो पॅनमध्ये, म्हणजे एका भल्यामोठ्या बंद भांड्यात उकळतो. त्यात साखरेचा दाणा केव्हा धरला, केव्हा तो पुरेसा मोठा झाला, हे पॅनमननं ओळखायचं. नळीनं थोडासा पाक बाहेर काढायचा आणि अंगठा न् शेजारच्या बोटात चोळून बघायचा. तात्यांना त्या दोन बोटांची कोण घमेंड! "आमच्या बोटाला कळतं ते तुमच्या मशीनला कळत न्हाई," असं ते कुणालाही, कारण नसताना सांगायचे. आवाज मोठा, मिशा मोठ्या, आणि चहा असा गोड की चमचा उभा राहावा.

ते माझ्याकडे आले तेच मुळी बायकोनं, द्वारकाबाईंनी, ढकलत आणलं म्हणून. वजन उतरलेलं, गळा कोरडा, सारखं लघवीला जाणं. मी विचारलं, "तहान फार लागते का, तात्या?"

"बाई, आख्ख्या तालुक्याला तहान लागलीय. मलाच लागली तर काय नवल?"

"अन् वजन?"

"म्हशी बी वाळल्यात की. त्यांची बी साखर तपासता का?"

दुष्काळानं आजारावर असं पांघरूण घातलं होतं. शिवाय छावणीत दिवसभर बसून तात्या म्हशींच्या वाट्यातला ऊस सोलून खात होते, हे द्वारकाबाईंनी त्यांच्यादेखत सांगून टाकलं. तात्यांचं त्यावरही उत्तर तयार होतं. ती साखर गुरांच्या पोटात चालली होती, तिच्यातली थोडी पॅनमनच्या पोटात गेली तर काय बिघडलं? मी त्यांचं रक्त घेऊन बीडच्या लॅबला पाठवलं. रक्तात गेल्या तीन महिन्यांत साखर सरासरी किती राहिली, हे टक्क्यांत सांगणारी एक तपासणी असते. ती सातच्या आत असली तर बरी. सॉफ्टवेअरला तोच आकडा हवा असायचा.

दुसऱ्या दिवशी लॅबचा फोन आला. शबानानं आकडा भरला, तात्यांचं नाव लालभडक झालं, आणि तिनं लगेच त्यांना फोन लावला. "तात्या, तुमची साखर आली. साडेअकरा टक्के. म्याडमनी ताबडतोब बोलावलंय."

तात्या आले. ताबडतोबच आले. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, आणि हातात पेढ्यांचा पुडा! बाकावर बसलेल्या सगळ्यांना पेढे वाटत वाटत ते आत शिरले आणि एक पेढा माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "घ्या बाई, तोंड गोड करा. कारखान्याला उभ्या जन्मात जमलं न्हाई ते आपल्याला जमलं. साडेअकराचा उतारा!"

आधी मला वाटलं, हा कुठला उतारा? मग डोक्यात उजेड पडला. शंभर किलो उसातून जितके किलो साखर निघते, तो उसाचा उतारा. आमच्या भागात दहाच्या वर गेला की मिठाई, अकराला पोचला की संचालकांचे फोटो. साडेअकरा हे तात्यांनी आयुष्यभर पॅनसमोर उभं राहून पाहिलेलं स्वप्न. आणि ह्या बिनपाण्याच्या, बिनउसाच्या साली, कारखान्याला कुलूप असताना, कुणीतरी फोन करून त्यांना तो आकडा दिला होता. मला हसू आवरेना. शबाना तर औषधांच्या फळीमागं खालीच बसली. पण त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता, आणि तो उतरवायचं काम आता माझ्याकडे होतं.

"तात्या, हा उतारा उलटा असतो," मी म्हटलं. "कारखान्यात चढला की पेढे. अंगात चढला की दवाखाना."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या अर्ध्या पेढ्याकडे बघितलं, आणि तो हळूच पुड्यात परत ठेवला.

मग पायांचा रकाना. पाय वर घेणं, पापाची भाषा, सगळं यथासांग झालं. शेवटी द्वारकाबाईंनी दरडावलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून पाय पुढं केले. मी धागा टेकवला. लागतंय का? गप्प. दुसरीकडे टेकवला. गप्प. मला वाटलं रुसलेत. उजव्या टाचेकडे आले तर तिथं काळा ठिपका दिसला, आजूबाजूला लाली. चिमट्यानं धरून ओढला, तर बाभळीचा काटा! बोटाच्या पेराएवढा, चपलेतून आरपार आत गेलेला.

"तात्या, हा काटा कधीचा?"

"कोनचा काटा?" ते डोळे मिटूनच म्हणाले.

डोळे उघडून त्यांनी चिमट्यातला काटा पाहिला. बाभळीच्या रानात वाढलेला माणूस. काटा म्हणजे काय ते त्याला मी सांगायची गरज नव्हती. एवढा काटा टाचेत असताना कळूच नये? मोठ्या मिशांखालचं तोंड एवढंसं झालं. मी जखम धुतली, पट्टी बांधली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. आणि मग उजवा हात पुढं करून, अंगठा न् बोट एकमेकांवर चोळत त्यांनी मला विचारलं, "बाई, हे बधिरपन वर चढतं का? बोटात येतं का?"

खोटं बोलवेना. "येऊ शकतं, तात्या. साखर अशीच राहिली तर."

"मग दाना कसा कळंल मला?"

त्या प्रश्नापुढं पाय, डोळे, किडनी सगळं मागं पडलं. मी त्यांना पाय जाईल म्हणून भीती घातली असती तर ते हसले असते. पण बोटं! पाऊस येईल, ऊस येईल, कारखाना पेटेल, आणि आपण पॅनसमोर उभे राहू तेव्हा बोटाला काही कळणारच नाही, ही भीती मला घालावी लागली नाही. मी त्यांच्या बोटांना धागा लावून पाहिला. अंगठ्याला लागला. शेजारच्या बोटाला एकदा लागला, एकदा नाही.

सुईचं नाव काढलं की मैलभर पळणारा तो माणूस त्या दिवशी इन्सुलिन घ्यायला मुकाट तयार झाला. छावणीत फ्रीज कुठला? द्वारकाबाईंनी एका लहान मडक्यात वाळू भरली, वाळूत डबी, डबीत औषध, वरून ओलं फडकं. टँकर आला की पहिलं पाणी त्या मडक्यावर. "आधी त्याला पाजते, मग म्हशीला, मग ह्यांला," असं त्या सगळ्यांना ऐकवायच्या.

आणि आमच्या सॉफ्टवेअरनं एक भानगड केली. तात्यांची तपासणीची तारीख आली, नाव लाल झालं, फोन लागेना. शबानानं छावणीतल्या कारकुनाला निरोप दिला. तो पठ्ठ्या चाऱ्याची सूचना देत होता, त्यानं त्याच भोंग्यावरून पुकारलं, "पॅनमन भानुदास तात्यांचा उतारा काढायचा हाय, दवाखान्यात बोलावलंय!" मी कपाळाला हात लावला. पेशंटाची गोष्ट अशी चव्हाट्यावर? शबानाला मी झापलं, तिनं कारकुनाला झापलं. पण दुपारी बघते तर दवाखान्यापुढं छावणीतली अर्धी माणसं. "आमचा बी उतारा काढा." मधुमेह म्हटलं की तोंड लपवणारी माणसं, उतारा म्हटल्यावर बाह्या सरसावून उभी! त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना साखर निघाली आणि त्यांना ते ठाऊकच नव्हतं. पुढं शबानानं त्या इंग्रजी रकान्याचं नाव बदलून मराठीत 'उतारा' करून टाकलं. अजून तेच आहे.

किती कामाला लावलाय आम्ही हा शब्द! तलाठ्याकडे जमिनीचा उतारा, विषावर उतारा, नजर लागली तर तिठ्यावर उतारा. शाळेत धड्यातला उतारा लिहून काढायचा, आणि डोंगरावरून येताना पायाखाली लागतो तो उतार ह्याचाच भाऊ. माझ्या मेडिकलच्या जाडजूड पुस्तकांत ह्या तपासणीला जे नाव आहे ते पेशंटाला समजावता समजावता माझी जीभ वळायची. तात्यांनी एका पेढ्याच्या पुड्यात ते काम करून टाकलं. मला त्या माणसाचं फार प्रेम वाटायला लागलं, हे सरळच सांगते.

दर तीन महिन्यांनी ते यायचे आणि खुर्ची ओढून पडद्यावरचा आलेख बघायचे. साडेअकरावरून नऊ, नऊवरून आठ. रेघ खाली खाली येत होती. "अशी रेघ कारखान्यात दिसली आस्ती बाई, तर चेअरमनची खुर्ची गेली आस्ती," ते म्हणायचे आणि स्वतःच गडगडून हसायचे. मग हसू ओसरलं की हात पुढं. मी धागा लावायची. ते बोट कधी हो म्हणायचं, कधी गप्प बसायचं. सकाळी मुंग्या येतात म्हणायचे. मी गोळ्या बदलल्या, धीर दिला, पण ग्वाही देता येत नव्हती. बधिर झालेली नस परत बोलेलच असं कुठलंही शास्त्र छातीठोकपणे सांगत नाही.

द्वारकाबाई वैतागून गेल्या होत्या. "घरातला सारा रवा सांडून ठेवलाय ह्यांनी. डोळे झाकून बसत्यात न् मला म्हणत्यात, बोटावर ठेव, वळकतो. रवा ठेवू का मीठ ठेवू का पिठीसाखर? म्हातारपनी हे काय खूळ?" तक्रार करता करता त्यांनीच हळू आवाजात पुढं सांगितलं, "रवा वळकला. मीठ आन् पिठीसाखरंत घोटाळा करत्यात. मी 'बराबर' म्हनते."

पुढच्या साली पाऊस झाला. छावणी उठली, तात्यांच्या म्हशी घरी गेल्या. पाटाला पाणी आलं, लोकांनी उसाचं बेणं लावलं. ऊस उभा राहायला आणखी साल गेलं, आणि एका दसऱ्यानंतर चिमणीतून धूर निघाला. उतारा तोवर सातच्या जवळ आला होता. तात्या दवाखान्यात आले, खुर्ची ओढली नाही, उभ्या उभ्याच म्हणाले, "उद्या पॅन लावनार हाय. तुमी या." एवढंच. मी नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता, पण मनातून घाबरले होते. डॉक्टरनं असं घाबरू नये म्हणतात. म्हणोत बापडे.

कारखान्यात मी पहिल्यांदाच इतकी आत गेले. लोखंडी जिना, वर वाफेची धग, उकळत्या रसाचा वास नाकातून थेट डोक्यात. कानाला काही ऐकू येईना. तात्या पायात बूट घालून पॅनसमोर उभे होते, कपाळावर घाम. काचेच्या गोल खिडकीआड पाक उसळत होता. ते बराच वेळ नुसते बघत राहिले. मग त्यांनी नळी ओढली, घट्ट, तपकिरी पाकाचा थेंब अंगठ्यावर घेतला, त्यावर ते शेजारचं बोट टेकवलं आणि डोळे मिटले.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते चोळत राहिले. थांबले. पुन्हा चोळलं. चेहऱ्यावर काही म्हणता काही उमटेना. मला वाटलं, संपलं.

डोळे उघडून त्यांनी पुन्हा नळी ओढली आणि म्हणाले, "बाई, हात करा पुढं." माझ्या अंगठ्यावर त्यांनी गरम थेंब ठेवला. मी त्यांच्यासारखंच बोट टेकवून चोळलं, नीट, लक्ष देऊन.

"काय लागलं?" त्यांनी ओरडून विचारलं.

"काहीच नाही हो, तात्या. नुसतं चिकट."

"न्हाईच लागायचं तुमाला," ते म्हणाले, आणि त्यांच्या मिशा कानापर्यंत गेल्या. "दाना धरलाय, पण आजून लई बारीक हाय." आणि वाफेचं चाक फिरवायला वळले.